पाण्याची कुळकथा

पेर टेओडोर क्लेव्ह हे स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. होल्मियम आणि थुलियम या दोन मूलद्रव्यांच्या शोधाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे, साल 1879. एवढ्या पुण्याईवर उरलेलं आयुष्य आरामात काढता आलं असतं. पण या गृहस्थांचा जीव अडकला होता भलतीकडेच, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या डायटम नावाच्या एकपेशीय शैवालांमध्ये. पुढेपुढे तर रसायनशास्त्र मागे पडलं आणि समुद्रातले प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारे बारीक जीव, हाच त्यांचा ध्यास झाला. नाव मिळवून देणारा विषय सोडून आवडत्या विषयाकडे वळणारी माणसं मला मनापासून आवडतात, त्यामुळे या लेखात मी त्यांना थोडं झुकतं माप देणार आहे, हे आधीच सांगून टाकते.

क्लेव्ह यांच्या हाती एक गमतीचा पुरावा आला होता. नॉर्वेचा ध्रुवप्रवासी फ्रिट्यॉफ नान्सेन याचं म्हणणं होतं की सैबेरियाच्या बाजूने निघणारा बर्फ उत्तर ध्रुवाच्या परिसरातून वाहत ग्रीनलंडच्या पूर्वेला बाहेर पडतो. तसं असेल तर जहाज मुद्दाम बर्फात अडकवून घ्यायचं आणि बर्फाबरोबर जायचं. कल्पना वेडसर वाटावी अशीच, त्यामुळे पुरावे गोळा करणं भाग होतं. ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यालगत वाहणाऱ्या बर्फावर जी धूळ सापडली, तिच्यातले डायटम क्लेव्हनी तपासले. ते ओळखीच्या कुठल्याच समुद्रातल्या डायटमशी जुळेनात. जुळले ते फक्त एका नमुन्याशी, ‘व्हेगा’ जहाजाच्या मोहिमेने बेरिंगच्या सामुद्रधुनीजवळ वांकारेम भूशिराच्या परिसरात बर्फावरून गोळा केलेल्या. जगाच्या नकाशावर ही दोन ठिकाणं आर्क्टिकच्या दोन टोकांना आहेत. 1893 मध्ये नान्सेनचं ‘फ्राम’ हे जहाज बर्फात शिरलं आणि 1896 मध्ये दुसऱ्या बाजूने सुखरूप बाहेर आलं.

असा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाला पुढची कल्पना न सुचती तरच नवल. कुठलं पाणी कुठून आलं हे डायटम सांगत असतील, तर सगळ्या अटलांटिकचं पाणी असंच वाचता येईल! क्लेव्हनी प्लवकांचे गट पाडले आणि एकेक गट एकेका प्रवाहाशी जोडला. बाटलीभर पाणी घ्या, त्यातल्या प्रजातींची यादी करा, पाण्याचं मूळ गाव कळेल.

या मांडणीला अडवणारा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ नॉर्वेचाच, हाकेन ग्रान. त्याची हरकत अगदी साधी होती. डायटम म्हणजे पाण्यात कालवलेला रंग नव्हे, तो जिवंत आहे. तो वाढतो, उपाशी राहतो, खाल्ला जातो. एकाच पाण्यात वसंतात एक यादी मिळेल आणि उन्हाळ्याच्या शेवटी दुसरीच, आणि मधल्या काळात पाणी कुठूनही आलेलं नसेल. किनाऱ्याजवळच्या कितीतरी जाती तर जाड कवचाचे विश्रामी बीजाणू करून तळाशी पडून राहतात आणि दिवस अनुकूल झाले की पुन्हा वर येतात. मग यादी कुणाची, पाण्याची की ऋतूची?

वाचणारा बहुधा ग्रानच्या बाजूने जातो. मीही गेले. त्याचं म्हणणं शहाणपणाचं आहे आणि पुढच्या शतकभराच्या संशोधनाने त्याला भरपूर बळ दिलं. तरी क्लेव्ह पूर्ण चुकले असं मला आता वाटत नाही. पाण्याला कूळ असतं, ही त्यांची मूळ जाणीव बरोबर होती. ते कूळ डायटमपर्यंत कोणत्या वाटेने पोचतं, एवढंच त्यांच्या हाती लागलं नव्हतं.

समुद्र वरून बघताना एकसंध वाटतो. पण पाण्याला तापमान आणि क्षारता मिळते ती पृष्ठभागावर. तिथे ऊन लागतं, पाऊस पडतो, वाफ होते, बर्फ गोठताना मीठ मागे राहतं. एकदा ते पाणी जड होऊन खाली गेलं की या सगळ्याशी त्याचा संबंध तुटतो. आता त्यात बदल होणार तो शेजारच्या पाण्यात मिसळूनच, आणि खोल समुद्रात हे मिसळणं फार सावकाश चालतं. म्हणून शेकडो वर्षांनी, हजारो किलोमीटर लांब, ते पाणी आपली जन्मखूण घेऊन सापडतं. नॉर्वेच्याच ब्यॉर्न हेलंड-हान्सेनने 1916 मध्ये एका अक्षावर तापमान आणि दुसऱ्यावर क्षारता घेऊन आलेख काढला, तेव्हा सुटे वाटणारे ठिपके ठरावीक वळणांवर येऊन बसले. समुद्रशास्त्रज्ञ आजही तो आलेख काढल्याशिवाय कामाला लागत नाहीत.

अशा ओळखता येणाऱ्या पाण्याला जलराशी म्हणायचं. अंटार्क्टिकाच्या काठाशी तयार होणारं तळपाणी शून्याच्याही खाली थंड असतं. त्याहून वर, साधारण एक किलोमीटर खोलीवर, दक्षिण गोलार्धात अंटार्क्टिक मध्यजल पसरलेलं असतं, जरा कमी खारट. किती कमी? किलोमागे जेमतेम अर्धा ग्रॅम. जिभेला कळणारही नाही अशा फरकावर समुद्राची सगळी अंतर्गत रचना उभी आहे, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

पण त्या अर्ध्या ग्रॅमचं डायटमला काही सोयरसुतक नाही. त्याला हवं असतं सिलिकॉन.

डायटम हे एकपेशीय शैवाल. बहुतेकांचा आकार मिलिमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या भागाएवढा. पेशीभोवती सिलिकाचं कवच, कुंकवाच्या करंड्यावर झाकण बसावं तशी दोन शकलं एकमेकांत बसलेली. समुद्रात प्रकाशसंश्लेषणाने जेवढं सेंद्रिय द्रव्य तयार होतं, त्यातला सुमारे 40 टक्के वाटा यांचा. पोटापाण्याची व्यवस्था इतर वनस्पतिप्लवकांसारखीच: नायट्रेट, फॉस्फेट, थोडं लोह, प्रकाश. वेगळेपण एवढंच की घर बांधायला पाण्यात विरघळलेलं सिलिसिक आम्लही लागतं. सगळं ठीक असेल तर नायट्रोजनचा एक अणू घेताना सिलिकॉनचाही साधारण एक घेतला जातो.

इथे एक विषमता आहे, आणि माझ्या मते सगळ्या विषयाची चावी तीच आहे. डायटम मेला किंवा खाल्ला गेला की त्याच्या शरीरातला नायट्रोजन जिवाणू पटकन मोकळा करतात, बराचसा वरच्या थरातच. तो पुन्हा वापरात येतो. कवच मात्र तसं पचत नाही. खाणारा प्राणिप्लवक ते विष्ठेतून टाकून देतो, ते बुडतं आणि सावकाश विरघळतं. म्हणजे नायट्रोजन वर घुटमळतो आणि सिलिकॉन खाली जातो. हे लाखो वर्षं चालू राहिलं तर कुठल्या खोल पाण्यात किती सिलिकॉन साठलंय, ते त्या पाण्याने अंधारात किती काळ काढला यावर ठरायला लागतं. उत्तर अटलांटिकमध्ये नुकत्याच बुडालेल्या खोल पाण्यात किलोमागे साधारण 10 ते 30 मायक्रोमोल सिलिसिक आम्ल असतं. उत्तर पॅसिफिकच्या खोल पाण्यात 150हून जास्त. त्या पाण्याने हजार वर्षांपेक्षाही जास्त काळ सूर्य पाहिलेला नसतो आणि वाटेत वरून पडणारी कवचं ते विरघळवत आलेलं असतं. म्हणूनच पॅसिफिकच्या उत्तर टोकाला हे पाणी मिसळत वर येतं तिथे डायटमची चंगळ असते, आणि उत्तर अटलांटिकमध्ये वसंतातला डायटमचा बहर बऱ्याचदा सिलिकॉन संपलं म्हणून आवरतं घेतो. दोन्हीकडे अक्षांश साधारण तेच. वेगळा आहे तो पाण्याचा भूतकाळ.

आता दक्षिण महासागर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथे गोष्ट उलटी फिरते.

अंटार्क्टिकाभोवती फिरणाऱ्या प्रवाहात खोलवरचं जुनं पाणी वाऱ्यांमुळे वर ओढलं जातं. त्यात नायट्रेटही भरपूर आणि सिलिसिक आम्लही. वर आलेल्या पाण्याचा एक भाग पृष्ठभागावरून उत्तरेकडे सरकतो. वाटेत ध्रुवीय सीमा लागते. ही सीमा नकाशावरची रेघ नव्हे, तिथे काही किलोमीटरांत पाण्याचं तापमान झपाट्याने बदलतं. सीमेच्या दक्षिणेला डायटमचं राज्य. त्यांच्या कवचांचा गाळ अंटार्क्टिकाभोवती समुद्रतळावर पट्ट्यासारखा पसरला आहे आणि त्या पट्ट्याची उत्तरेची कड ढोबळमानाने या सीमेच्याच खाली येते. पाणी सीमा ओलांडतं तोवर त्यातलं सिलिसिक आम्ल जवळजवळ संपलेलं असतं. नायट्रेट मात्र बरंच शिल्लक असतं.

असं का? कारण इथे लोह फार कमी आहे. समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीस हे जोरकसपणे मांडलं. ‘मला अर्धं टँकर लोह द्या, मी तुम्हाला हिमयुग देतो’ हे त्यांचं गमतीत केलेलं विधान प्रसिद्धच आहे. लोह कमी पडलं की डायटमला नायट्रेट वापरणं जड जातं, पण कवच घडवणं चालूच राहतं. परिणामी नायट्रोजनच्या एका अणूमागे सिलिकॉनचे दोन, तीन किंवा त्याहून जास्त अणू खर्ची पडतात. त्यातून तिथली मातब्बर जात म्हणजे फ्रॅजिलॅरिऑप्सिस कर्गुलेन्सिस. हिच्या कवचाची ताकद प्रयोगशाळेत बारीक सुयांनी दाबून मोजली गेली आहे. अशा कवचांनी पेललेला दाब चौरस मीटरला 100 ते 700 टनांच्या हिशेबाचा निघाला. चावणाऱ्यांच्या जबड्यांपासून वाचायला एवढी तटबंदी, आणि तिची सामग्री येते वाहत्या पाण्यातून.

सीमेच्या उत्तरेला, हिवाळ्यात, हे नायट्रेटवालं पण सिलिकॉन हरवलेलं पाणी खोलवर घुसळलं जातं, खाली सरकतं आणि उष्ण कटिबंधाच्या दिशेने पसरतं. 2004 मध्ये सार्मिएंटो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की 30 अंश दक्षिण अक्षांशाच्या उत्तरेकडे जगभर जेवढं जैविक उत्पादन होतं, त्याच्या जवळपास तीन चतुर्थांश भागाला लागणारं पोषण या वाटेने येतं. म्हणजे विषुववृत्ताजवळ जिथे कुठे हे पाणी वर येतं, तिथे शिधा मिळतो खरा, पण त्यातून डायटमच्या घराची सामग्री आधीच काढून घेतलेली असते. अंटार्क्टिकाजवळच्या जाड कवचाच्या डायटमनी घेतलेली. उष्ण कटिबंधात छोट्या, कवच नसलेल्या किंवा चुनखडीचं कवच असलेल्या प्लवकांना जे फावतं, त्याचं एक कारण हजारो किलोमीटर दक्षिणेला, कित्येक दशकांपूर्वी घडून गेलेलं असतं.

हे वाचून माझ्या डोक्यातला बाण उलटा झाला. मी समजत होते, पाणी ठरवतं आणि डायटम जगतो. इथे डायटमच पाण्याला वळण लावतोय, आणि ते पाणी पुढे दुसऱ्या समुद्रातल्या डायटमचं नशीब ठरवतंय. जलराशीच्या जन्मखुणेत तापमान आणि मिठाबरोबर डायटमची भूकही नोंदलेली असते.

याची कसोटी पाहायला प्रयोग करता येईल का? दोन प्रयोग जणू त्यासाठीच झाले, जरी त्यांचा हेतू वेगळा होता. दोन्ही वेळी जहाज एकच, जर्मनीचं ‘पोलारस्टर्न’. दोन्ही वेळी दक्षिण महासागराच्या अटलांटिककडच्या भागात, 50 अंशांच्या आसपासच्या अक्षांशावर, फिरत्या भोवऱ्यातल्या पाण्यात लोह मिसळलं गेलं. 2004च्या ‘आयफेक्स’ प्रयोगात भोवऱ्यात सिलिसिक आम्ल मुबलक होतं. डायटमचा मोठा बहर आला आणि त्यातला निदान अर्धा भाग 1000 मीटरच्या खूप खाली बुडाला. 2009चा ‘लोहाफेक्स’ हा भारत आणि जर्मनीचा संयुक्त प्रयोग, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा त्यात मोठा सहभाग. सुमारे 300 चौरस किलोमीटरवर लोह पसरलं. वनस्पतिप्लवक वाढले, पण बेताचेच, आणि वाढले ते बहुतांशी छोटे कशाभधारी, म्हणजे शेपटीसारख्या धाग्याने पोहणारे जीव. प्राणिप्लवकांनी त्यांच्यावर ताव मारला. खोलवर फारसा कार्बन गेलाच नाही. कारण त्या भोवऱ्यातलं सिलिसिक आम्ल आधीच संपलेलं होतं.

‘लोहाफेक्स’वर तेव्हा पर्यावरणाच्या मुद्द्यावरून बराच गदारोळ झाला आणि निकालानंतर ‘प्रयोग फसला’ असंही लिहिलं गेलं. मला ते अन्यायाचं वाटतं. समुद्रात लोह टाकून हवेतला कार्बन हवा तिथे हवा तेवढा गाडता येईल, हा उत्साह या एका निकालाने जेवढा जमिनीवर आणला, तेवढा कुठल्याही भाषणाने आणला नसता. लोह जहाजातून नेता येतं. पाण्याचा भूतकाळ नेता येत नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग पाणी हेच प्राक्तन. तसंही नाही. महासागरांच्या मध्यभागी उपोष्ण भागात जे प्रचंड, निळेशार, पोषणाच्या दृष्टीने ओसाड पाणी आहे, तिथे डायटम नसावेत असं हिशेब सांगतो. तरी आहेत. हेमिऑलस हा डायटम आपल्या कवचाच्या आत रिचेलिया नावाचा नीलहरित जिवाणू बाळगतो आणि तो विरघळलेल्या नायट्रोजन वायूपासून खत करून देतो. रायझोसोलेनिया या डायटमच्या काही जाती एकमेकींत गुंतून सेंटिमीटरभर आकाराच्या चटया होतात, खोल जाऊन नायट्रेट भरून घेतात आणि पुन्हा वर उजेडात येतात, तेही पोहायला एकही अवयव नसताना. उत्प्लावकता, म्हणजे पाण्यात तरंगण्याची क्षमता, बदलून हे साधतं. आणि सार्गासो समुद्रात 2005च्या उन्हाळ्यात संशोधकांना एक असा भोवरा सापडला, ज्याच्या पोटात एकसारख्या तापमानाच्या पाण्याची भिंगासारखी जाड चकती होती. वरून वाहणाऱ्या वाऱ्याशी त्या फिरण्याचा असा काही मेळ बसला की मध्यभागी खालचं पाणी सावकाश वर उचललं जात राहिलं. तिथे डायटमची संख्या आसपासच्या नेहमीच्या पातळीच्या 10,000 ते 1,00,000 पट भरली. तीही पृष्ठभागावर नाही, तर बरीच खाली, उपग्रहाला दिसणार नाही अशा खोलीवर.

म्हणून नकाशात महासागराच्या मोठ्या भागाला एकच रंग देऊन ‘इथे डायटम कमी’ असं लिहिलेलं दिसलं की मला ते अर्धवट वाटतं. ब्राझीलच्या दक्षिणेला उष्ण आणि थंड प्रवाह भिडतात तिथली उपग्रहचित्रं पाहिली तर काही दहा किलोमीटर रुंदीचे पट्टे एकमेकांशेजारून वाहताना दिसतात. एका पट्ट्यात डायटमचं वर्चस्व, लगतच्या पट्ट्यात दुसऱ्याच प्लवकांचं. पट्टे काही आठवडे टिकतात, मग विरतात. डायटमचा पत्ता अक्षांश-रेखांशात लिहायला गेलं तर तो रोज खोडावा लागेल.

पाणी पोचवतं, तसं अडवतंही. उत्तर पॅसिफिकमधली नीओडेंटिक्युला सेमिनी ही डायटमची जात एके काळी उत्तर अटलांटिकमध्येही होती. गाळातल्या नोंदींप्रमाणे सुमारे 8,00,000 वर्षांपूर्वी ती तिथून नाहीशी झाली. मालवाहू जहाजांच्या मागे बांधून ओढायचं एक यंत्र आहे, त्यातल्या रेशमी पट्टीवर प्लवक अडकत जातात. 1931पासून अशा पट्ट्यांचा संग्रह होत आलाय. 1999 मध्ये लॅब्राडोर समुद्रातून आलेल्या पट्टीवर ही जात पुन्हा दिसली, तीही चांगल्या संख्येने. आर्क्टिकचा बर्फ विरळ झाल्यावर पॅसिफिकचं पाणी वाट काढत अटलांटिकमध्ये उतरलं आणि ती त्याबरोबर आली, असा त्याचा अर्थ लावला जातो. ‘सगळं सगळीकडे असतं, परिसर निवड करतो’ हे 1934 साली मांडलेलं सूत्र सूक्ष्मजीवांच्या अभ्यासात वारंवार ऐकायला मिळतं. या एका पट्टीमुळे मला त्याचा पूर्वार्ध तरी संशयास्पद वाटू लागला आहे.

मेल्यावरही पाणी त्यांना सोडत नाही. अंटार्क्टिकाच्या परिसरातली कवचं तळपाण्याबरोबर उत्तरेकडे वाहत जातात आणि जिथे त्या जाती कधी जगूच शकल्या नसत्या, अशा ठिकाणी गाळात सापडतात. लॉइड बर्कल यांनी 1970च्या दशकात अर्जेंटिनाजवळच्या खोल खोऱ्यात या ‘परक्या’ कवचांवरून तळपाण्याची वाट शोधून काढली. जिवंत डायटमला ग्रानचा आक्षेप लागू पडतो. मेलेला डायटम ना वाढतो ना उपाशी राहतो, त्यामुळे तो खरोखर पाण्यात कालवलेल्या रंगासारखाच वागतो.

जे वाहून न जाता जागेवर बुडाले, त्यांच्याकडून जुने समुद्र वाचता येतात. बर्फाच्या कडेला राहणाऱ्या जाती वेगळ्या, उघड्या समुद्रातल्या वेगळ्या. गाळाच्या एकेका थरात त्यांचं प्रमाण मोजून 2005 मध्ये गेर्सोंडे आणि सहकाऱ्यांनी काढलेल्या अंदाजाप्रमाणे शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात अंटार्क्टिकाभोवतीचा हिवाळी समुद्रबर्फ आजच्या जवळपास दुप्पट क्षेत्रावर होता. यात एक ग्यानबाची मेख आहे. समुद्रात तयार होणाऱ्या एकूण सिलिकापैकी शेकडा तीनच्या आसपासच कायमचं गाळात जातं. बाकीचं विरघळून पुन्हा पाण्यात मिसळतं. टिकतात ती कर्गुलेन्सिससारखी जाडजूड कवचं. कीटोसेरॉससारख्या नाजूक जाती वर कितीही बहरल्या तरी खाली त्यांचे बहुधा फक्त बीजाणू उरतात. बर्फाची कड कुठे होती याबद्दल मी गाळावर विश्वास ठेवते, कारण तिथे कुठली जात कुठे होती एवढंच विचारायचं असतं. पण त्याच गाळावरून त्या काळी समुद्रात एकूण किती डायटम होते आणि त्यांनी किती कार्बन बुडवला याचे आकडे कुणी मांडले, तर मी आधी बघते, त्यात कीटोसेरॉसचे बीजाणू मोजलेत की नाही.